हुकूम होता, साहेब

एक पोरगा पळतोय. आमच्या वस्तीतला. जळगाव जिल्ह्यातलं गाव, नाव कशाला पाहिजे? अशी पोरं गावोगाव पळतात. पहाटे पाचला, डांबरी सडकेवर, अंधारात. पायात बूट आहेत. मायनं कापूस वेचून आणलेल्या मजुरीचे. त्याला धुळ्याला जायचंय. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ धुळ्याला आहे. या दलाच्या भरतीत पाच किलोमीटर पळावं लागतं. शंभर मीटर पळावं लागतं. गोळा फेकावा लागतो. छाती मोजतात, उंची मोजतात, लेखी पेपर घेतात.

एक प्रश्न मात्र विचारत नाहीत. तो मी विचारला. ओट्यावर बसलो होतो. म्हणलं, उद्या तू वर्दीत उभा आहेस आणि समोर आपलाच मोर्चा आहे. निळे झेंडे, म्हाताऱ्या बाया, लेकरं. हातात काठी नाही, दगड नाही. आणि साहेब म्हणाला, मार. मग?

पोरगा हसला. मग गप झाला. म्हणाला, "आप्पा, हुकूम व्हयना तं करनंच पडी ना. नोकरी शे ती."

या उत्तरानं माझी झोप गेली. ते चूक आहे असं मला लगेच म्हणता येईना. बरोबर आहे असंही म्हणवेना.

कारण माझ्या डोळ्यांपुढे घाटकोपर उभं राहिलं. ६ डिसेंबरला आपण भुसावळ-जळगावहून दादरला निघतो. डब्यात पाय ठेवायला जागा नसते. ती गाडी घाटकोपरवरूनच जाते. तिथं माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला सकाळी वस्तीला दिसलं की बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार घातलाय. माणसं रस्त्यावर आली. येणारच. हमरस्ता अडवला. राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि गोळ्या सुटल्या. १० माणसं मेली. कुणी मोर्च्यातलं, कुणी नुसतं बघायला आलेलं.

पोलीस म्हणाले, जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवारांचा आयोग बसला. त्यानं टँकरची गोष्ट मानली नाही. गोळीबाराचं समर्थन होत नाही असं सांगितलं. तुकडीचा फौजदार मनोहर कदम याला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली. नंतर हायकोर्टातून तो जामिनावर सुटला. गोळीबारानंतर चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीव दिला. त्यांना गोळी लागली नव्हती. तरी लागली होती. त्यांना त्या दहांत मोजायचं की नाही?

आता प्रश्न असा. शिक्षा झाली ती हुकूम देणाऱ्या एकट्याला. पण त्या सकाळी चाप ओढणारी बोटं एकापेक्षा जास्त होती. त्या बोटांचं काय? तीही कुणाच्या तरी मायनं वाढवलेली. त्यातलंही कुणीतरी कधीकाळी पहाटे अंधारात पळालेलं असणार. ती बोटं म्हणतील, हुकूम होता, साहेब. आणि त्या फौजदाराला कुणी वर्दी दिली, बंदुका दिल्या, वस्तीकडे बघायची नजर कुणी दिली, हे विचारलं तर वरच्या खुर्च्या म्हणतील, आम्ही तिथं नव्हतोच. खालचा म्हणतो हुकूम वरून आला. वरचा म्हणतो गोळी खालून सुटली. मधल्यामधे दहा माणसं मेली आणि कुणीच मारली नाहीत!

कायदा काय म्हणतो ते वाचा. भारतीय दंड संहितेचं ७६ वं कलम. २०२३ च्या न्याय संहितेत ते १४ वं झालं. त्याच्याखाली उदाहरण आहे ते नेमकं गोळीबाराचं. वरिष्ठाच्या हुकुमावरून सैनिक जमावावर गोळी झाडतो, त्याचा गुन्हा होत नाही. बरेच लोक इथंच पुस्तक मिटतात. पण त्याच वाक्यात आणखी तीन शब्द आहेत : कायद्याच्या आज्ञेला धरून. म्हणजे साहेबाचं तोंड हा कायदा नव्हे. इंग्रजानं १८६० साली लिहिलेल्या कायद्यालासुद्धा एवढं कळत होतं.

आणि आपल्याला हे कायद्याच्या पुस्तकातून शिकायची गरज आहे का? हुकूम म्हणजे काय हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? माझा आजा येसकर. पाटलाची हाळी आली की ऊन-पाऊस न बघता निघायचं. मयताचा निरोप पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसापुढं धावायचं. का, असं विचारायचं नाही. जोहार घालायचा आणि चालू पडायचं. भाकरी त्या आज्ञेला बांधलेली होती. बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनावर बिल घेऊन उभे राहिले, ते ही गाठ सोडवायला. वतनाची जमीन गोड वाटणारे आपल्यातही होतेच. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. ज्या तुकड्यापायी माणूस का म्हणून विचारू शकत नाही, तो तुकडा गुलामीचा.

मग वर्दी हे नवं वतन होऊ द्यायचं का?

कुणी म्हणेल, गर्दीपुढं हात आवरत नाही, तुम्ही घरात बसून लिहिता. ठीक. महाड आठवा. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर गाव तुटून पडला. डोकी फुटली. आपल्यात फौजेतून पेन्शनीत आलेले गडी होते, लाठी चालवणं जाणणारे. ते हुकुमाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी हात आवरायला सांगितलं आणि त्यांनी आवरला. रक्त वाहत असताना आवरला. ज्यांच्या डोक्याला जखमा होत्या त्यांना जमलं, ते हातात बंदूक असणाऱ्याला जमत नाही कसं? शिस्त म्हणतात ती ही. चाप ओढायला शिस्त कशाला लागते? ती लागते बोट थांबवायला.

म्हणून पोरानं वर्दी घालू नये असं मी म्हणणार नाही. कोण म्हणतो वर्दी त्यांचीच? आपण बाहेरच राहिलो तर बंदुकीमागं आपल्या दुःखाची ओळख असलेला एकही माणूस उरणार नाही. पण नुसतं आपलं पोर बंदुकीमागं गेल्यानं बंदूक आपली होत नाही. आत जाताना त्यानं येसकराची पाठ बाहेर ठेवून गेलं पाहिजे. समोरचा मोर्चा निळा असो, हिरवा असो, लाल असो. आपला असला तर बोट थांबलं आणि दुसऱ्याचा असला तर चाललं, हाही न्याय नव्हे.

हे सगळं मी पोराला सांगितलं. त्यानं नीट ऐकलं. मग विचारलं, "आनि नोकरी गई तं घर कोन चालाडी?"

मी गप बसलो.

दोस्तहो, दरसाल ३१ जुलैला आपण लळिंगला जातो. १९३७ साली धुळ्याला कोर्टाच्या कामाला आलेले बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात राहिले होते. हजारांनी जमतो. घोषणा देतो, जेवणं होतात, परत येतो. त्याच धुळ्यात आपली पोरं भरतीला उभी राहतात. त्यातल्या एकानं उद्या गोळी झाडायला नकार दिला आणि बिनवर्दीचा घरी परत आला, तर त्याची चूल आपण पेटती ठेवू का? की म्हणू, येड्यानं सरकारी नोकरी घालवली?

वस्तीनं त्याला येडा म्हणायचं ठरवलं असेल, तर त्याच्याकडून धैर्य मागायचा आपल्याला हक्क नाही. मग हुकूम होता म्हणणाऱ्यांत आपणही आलो.

पोरगा उद्या पहाटे पुन्हा पळेल. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते एकट्यानं देता येणारं नाही.