गर्दी घेऊन फिरणारा माणूस

आजचा स्टँडअप कलाकार माईक हातात घेतो तो बहुतेकदा स्वतःची गोष्ट सांगायला. माझी नोकरी, माझे आईबाप, माझं ब्रेकअप, माझी थेरपी. त्यात गैर काही नाही. चांगला कलाकार स्वतःची फजिती सांगता सांगता आपलीही सांगून जातो. पण राजू श्रीवास्तवचा चाहता असल्यामुळे मला ते स्टेज जरा ओकंबोकं वाटतं. राजू एकटाच उभा असायचा, आणि तरी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. गजोधर, संकठा, वरातीत बेभान नाचणारे, मानपानावरून रुसलेले नातलग, टीव्हीसमोर जमलेलं अख्खं गाव. माणसं कमी पडली की तो निर्जीव वस्तूंना बोलायला लावायचा.

कानपूरच्या एका कवीचा हा मुलगा मुंबईत आला तो अमिताभची नक्कल घेऊन. ‘तेज़ाब’, ‘मैंने प्यार किया’, ‘बाज़ीगर’ अशा चित्रपटांत त्याला भूमिका मिळाल्या, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणाऱ्या. 2005 मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’नं त्याला घरोघरी पोचवलं. ती स्पर्धा जिंकली आपल्या विदर्भातल्या सुनील पालनं. लोकांच्या तोंडी मात्र गजोधर बसला. हा गजोधर म्हणजे आजोळच्या गावचा न्हावी, असं राजू मुलाखतींत सांगे.

ज्या मुंबईत उत्तरेकडचा माणूस आपल्याला टॅक्सी, दूध आणि भाजीपलीकडे फारसा दिसत नाही, तिथल्या मराठी घरांत हा न्हावी हक्काचा पाहुणा झाला. त्याची अवधी बोली कुणाला समजावून द्यावी लागली नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं, मराठवाड्याच्या बोलीत, सगळं वऱ्हाड उभं केलेलं आपण पाहिलं होतं. आपल्या माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यायचं आणि त्यांच्यात मिसळून हसायचं, ही रीत आपल्या ओळखीची होती.

राजूचं सगळंच मला आवडायचं असं नाही. नवरा-बायकोवरचे त्याचे विनोद तेव्हाही शिळे वाटत. 2014 मध्ये समाजवादी पक्षाचं कानपूरचं तिकीट परत करून तो भाजपमध्ये गेला. सत्तेच्या इतक्या जवळ बसलेल्या विनोदकारानं चिमटा काढायचा कुणाला? लालूप्रसादांची नक्कल त्यानं लालूंसमोरच केली आणि लालू मनापासून हसले. ज्याच्यावर विनोद केला तोच खूश होत असेल तर त्या विनोदाला दात कुठले, असं कुणी विचारलं तर तो आक्षेप मला मान्य आहे. पण दुसरी बाजूही आहे. गजोधरची टिंगल गावातल्या खऱ्या गजोधरनं ऐकली असती, तर त्यालाही मान खाली घालावी लागली नसती. दुबळ्या माणसावर विनोद करताना ही कसोटी मला दातांपेक्षा मोलाची वाटते.

10 ऑगस्ट 2022 ला दिल्लीत व्यायाम करताना राजू कोसळला. एम्समध्ये तो बेशुद्ध असताना घरच्यांनी त्याला अमिताभचा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला. ज्या आवाजाची नक्कल करून त्यानं पोट भरलं, तोच आवाज त्याला ‘ऊठ’ म्हणून सांगत होता. तो ऐकून राजूनं डोळा किंचित उघडला, असं अमिताभनं पुढं लिहिलं. 21 सप्टेंबरला तो गेला. वय अवघं 58.

स्वतःकडे बघणाऱ्या कलाकारांची आज वाण नाही. दुसऱ्याच्या लग्नात जाऊन, हातात प्लेट धरून, कोण कुणावर का रुसलंय हे टिपणारा मात्र विरळा. त्यासाठी आधी लोकांनी आपल्याला आपलं मानून बोलवावं लागतं, आणि त्यांचं खाऊन आल्यावर त्यांच्याबद्दल माया उरावी लागते. राजूकडे दोन्ही होतं.