बेटाचं व्रत

२२ मार्च २०२३. महाराष्ट्रात गुढीपाडवा होता, शके १९४५ सुरू झालं. इंडोनेशियातल्या बाली बेटावरही त्याच दिवशी शक १९४५ उजाडलं, पण ना गोडधोड ना शोभायात्रा. रस्ते ओस, दुकानं बंद, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. बालीच्या हिंदूंचा हा ‘न्येपी’, मौनाचा दिवस. त्या दिवशी सुकावतीजवळच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलेल्या दोन पोलिश पर्यटकांची, एका स्त्रीची आणि एका पुरुषाची, गावच्या पारंपरिक रखवालदारांशी हुज्जत झाली. पुढे दोघांची मायदेशी रवानगी झाली.

श्रद्धा नसलेल्या माणसाने दुसऱ्याचं व्रत का पाळावं?

पाठीवर सॅक टाकून बेटं हिंडणाऱ्या जोडप्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. सामान थोडकं, मुक्काम मनाला येईल तिथे, आणि किनारा तर सगळ्यांचाच, अशी त्यांची समजूत असते. बालीत मात्र किनारा मोकळी जागा नाही. न्येपीच्या आधी मेलास्तीला देवळांतल्या पवित्र वस्तू वाजतगाजत समुद्रावर नेऊन शुद्ध करतात. दहनानंतरची रक्षाही समुद्रालाच देतात. आपण जिथे टॉवेल अंथरतो, तिथे कुणाच्या तरी आजीचा शेवटचा निरोप झालेला असतो.

न्येपीला चार गोष्टी वर्ज्य: आग नि दिवा, काम, प्रवास, करमणूक. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसांच्या अवाढव्य प्रतिमा गोंगाटात मिरवतात, दुष्ट शक्तींना हुसकावतात. दुसऱ्या दिवशी बेट असं निपचित राहतं, की त्या शक्तींना ते निर्मनुष्य वाटावं आणि त्यांनी पुढची वाट धरावी.

इथेच या व्रताचं वेगळेपण आहे. एकादशी एकाने मोडली तर त्याचीच मोडते. शेजारच्याच्या उपासाला धक्का लागत नाही. न्येपीत व्रत धरतं ते बेट. एका तंबूतली विजेरीसुद्धा सगळ्यांचा अंधार फोडते. त्यामुळे ‘मी माझ्यापुरता वेगळा’ हे म्हणणं इथे टिकत नाही. शिवाय पाहुण्याकडे कुणी श्रद्धा मागत नाही, मूर्तीपुढे हात जोडायला लावत नाही. आवाराबाहेर पडू नका, दिवे मंद ठेवा, पडदे ओढा, इतकंच. ही मागणी रास्त आहे. रुग्णवाहिकेला, बाळंतिणीला वाट असतेच.

खरी अडचण पर्यटकाची नाही. बालीतच जन्मलेल्या, पण मुसलमान किंवा ख्रिस्ती असलेल्या माणसाची आहे. त्याचं घर तिथेच, त्याचा सणही कधी त्याच तारखेला येऊ शकतो. त्याच्या बाबतीत सक्तीचा प्रश्न इतक्या सहज सुटत नाही. तो गावागावांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलूनच सोडवावा लागतो.

जोडप्यासाठी मात्र हा दिवस मोलाचा आहे. पुढची बोट, पुढचा धबधबा, फोटो, सगळं थांबतं. रोज एकत्र हिंडूनही जे बोलायचं राहून गेलेलं असतं, त्याला एक अख्खा दिवस मिळतो. ज्यांना तो नकोच असेल, त्यांनी शेजारच्या लोंबोक बेटाला लागून असलेली गिली बेटं गाठावीत. तिथली वस्ती बहुतांशी मुसलमान, त्यामुळे न्येपी नाही. पण निघायचं आदल्या दिवशीच, कारण न्येपीला बालीच्या धक्क्यावरून एकही बोट सुटत नाही.