बचत कोणाच्या वाट्यातून?

महागाई वाढली की घरखर्चाची कात्री आधी स्वयंपाकघराकडे वळते. खोलीचे भाडे, शाळेची फी, विजेचे बिल हे ठरलेले आकडे. कमी-जास्त करता येते ते किराण्याचे आणि भाजीपाल्याचे. अशी काटकसर करण्यात कमीपणा नाही. परंतु हिशेबाच्या वहीत एक रकाना सहसा नसतो: वाचलेले पैसे कोणाच्या वाट्यातून वाचले? श्रद्धावंतासाठी खरा प्रश्न त्या रकान्याचा आहे.

कुरआनने खर्चाची दोन्ही टोके नाकारली आहेत. सूरह अल-फुरकानमध्ये (२५:६७) रहमानच्या दासांचे वर्णन आहे. ते उधळत नाहीत आणि हातही आखडत नाहीत, दोहोंमधला तोल सांभाळतात, असा त्याचा आशय. सूरह बनी इसराईलमध्ये (१७:२७) उधळ्यांचे नाते सैतानाशी जोडले आहे आणि दोनच आयतींनंतर कृपणालाही ताकीद दिली आहे. येथे गरीब-श्रीमंत असा भेद केलेला नाही. परवडते म्हणून फेकण्याची मुभा कोणालाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातील घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. साली-हाडे धरून का होईना, रोजचे दीडशे ग्रॅम. पहिली बचत येथे करावी, कारण ती कोणाच्याही तोंडचा घास काढून घेत नाही. खाली पडलेला घास उचलून, स्वच्छ करून खावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना आवर्जून सांगतो, फ्रीजच्या मागच्या कप्प्यात विसरलेल्या डब्याला मात्र ती लावत नाही.

माझगावच्या कोकणी मुस्लिम घरांना काटकसर नवी नाही. भाऊचा धक्का जवळ, तेव्हा मासळी ताजी मिळते. पण जूनच्या प्रारंभी यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होणार हे ठाऊक असल्याने सुके बोंबील, जवळा, सोडे आधीच डब्यांत भरून ठेवायचे, ही जुनी शिस्त. भायखळ्याची भाजी मंडईही चालत जाण्याजोगी आहे. तेथे चार घरांनी मिळून माल घ्यावा आणि घरी वाटे करावेत. पाव-पाव किलोच्या खरेदीपेक्षा ते स्वस्त पडते. अशा वाट्यांना हदीसचा आधारही आहे. यमनच्या अशअरी लोकांचे अन्न मोहिमेत संपत आले, किंवा मदीनेत घरच्यांना पुरेनासे झाले, की ते सर्वांजवळचे एका कापडावर एकत्र करीत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले (बुखारी, मुस्लिम). टंचाईत प्रत्येकाने आपापला डबा लपवावा, हा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

मंडईतून परतताना मात्र एक वेगळी बचत सुरू होते. पदपथावर पाटी घेऊन बसलेल्या बाईशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस होते. घासाघीस निषिद्ध नाही. प्रेषितांनी (स.) स्वतः प्रवासात जाबिर (रजि.) यांच्याशी त्यांच्या उंटाचा भाव केला होता. मदीनेला पोहोचल्यावर त्यांनी ठरलेली किंमत चुकती केली आणि उंटही जाबिर यांनाच परत दिला. आपल्याकडून एवढी अपेक्षा कोणी करीत नाही! पण सूरह अल-मुतफ्फिफीन आपण नेहमी दुकानदाराला ऐकवतो, ती एकदा गिऱ्हाइकाने स्वतःकडे वळवून वाचावी. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांचा तेथे धिक्कार आहे. किलो पूर्ण तोलून घेऊन वर दोन टोमॅटो टाकायला लावणारा आणि मग पाच रुपये कमी देणारा यात बसतो की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. तोच माणूस वातानुकूलित दुकानात छापील किंमत निमूटपणे मोजतो, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

याहून कठीण प्रश्न घरातला आहे. अनेक घरांत पुरुष महिन्याच्या आरंभी ठरावीक रक्कम देतो. तेल, डाळ, गॅस महागतात. रक्कम तीच राहते. महिनाअखेरपर्यंत घर चालते आणि गृहिणीच्या काटकसरीचे कौतुक होते. ते कसे चालले, हे सहसा विचारले जात नाही. बहुतेकदा ती शेवटी जेवते, अंडे मुलांना आणि मटणाचे तुकडे पुरुषांना वाढते, स्वतः रश्शाबरोबर भाकरी खाते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. याची कारणे अनेक आहेत, परंतु ताटातला भेद त्यांतून वगळता येणार नाही.

इस्लाममध्ये पत्नी-मुलांचा निर्वाहखर्च, म्हणजे नफका, हे पुरुषाचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी तक्रार केली की पती अबू सुफयान पुरेसे देत नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना सबुरीचा उपदेश करून परत पाठवले नाही, रीतीप्रमाणे स्वतःला व मुलांना पुरेल एवढे पतीच्या मालातून घेण्याची अनुमती दिली (बुखारी, मुस्लिम). म्हणजे किती पुरते, हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. आणि काटकसर अटळच असेल तर तिचा आरंभ कोठून व्हावा, हे हजरत उमर (रजि.) यांनी दाखवले आहे. हिजरी १८ च्या दुष्काळात, लोकांना तूप मिळेपर्यंत आपणही खाणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि तेलावर दिवस काढले. घरातल्या कर्त्याने एक आठवडा सर्वांच्या शेवटी जेवून पाहावे. कोणत्याही उपदेशापेक्षा त्याला जास्त कळेल.

रेशनबद्दलही दोन शब्द. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून विनामूल्य. महाराष्ट्रात शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली होती. ती केव्हाच ओलांडूनही धान्य उचलणारे आणि पुढे ते विकणारे घर आपल्या वहीत ते बचत म्हणून लिहीत असेल. ती दुसऱ्याच्या हक्काची वस्तू आहे.

रमजान जवळ आला की वहीचे सारेच आकडे फुगतात. उपवासाच्या महिन्यात वाणसामानाचे बिल वाढावे, ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती खटकतही नाही. तळणीचे दोन पदार्थ कमी झाले तर रोजा उणा होत नाही. कालवण शिजवताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्यास प्रेषितांनी (स.) अबू जर (रजि.) यांना सांगितले होते (मुस्लिम). त्यासाठी जास्तीचे मटण लागत नाही. माझगावात शेजारी माथारपाखाडीचा ख्रिस्ती असेल किंवा जिन्यापलीकडचा मराठी हिंदू. ‘शेजारी’ या शब्दात तोही येतो. यंदाच्या सामानाची यादी अद्याप झाली नसेल, तर ती करताना घरातल्या बाईला शेजारी बसवा, आणि तिच्यासाठी काय लिहायचे ते आधी विचारा.