तण आणि तुळशीमाळ

माउली, आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावी पावसाळा सरला की परसात कंबरभर रान माजलेले असते. तिथे वांगी, मिरची, वाल लावायचे तर कोयता उचलावाच लागतो. पण गवतात बेडूक, किडामुंगी नांदत असते. मग माळकऱ्याला प्रश्न पडतो, ही हिंसा नव्हे काय?

अरणचे सावतोबा आयुष्यभर मळ्यातच राबले. मळा म्हटला की तण उपटणे आलेच. तेव्हा काम टाकणे हे उत्तर नव्हे. ते कसे करावे, इथे विवेक लागतो. काडी लावली तर रान तासाभरात मोकळे होते, पण पळू न शकणारा जीव होरपळतो. आणि लव्हाळ्याच्या गाठी मातीखाली तशाच राहतात. त्या कुदळीने खणून वेचाव्याच लागतात. कापलेले गवत आळ्यात पसरा, ओल टिकते, पुढे त्याचेच खत होते. बांधाचा एखादा कोपरा तसाच राहू द्या.

आपल्याला पोटापुरती जागा हवी, सगळे रान नव्हे. म्हणून कोयता चालवण्याआधी काठीने गवत हलवा. ज्याला पाय आहेत, त्याला निघून जाऊ द्या. तेवढा वेळ मुखी नाम असू द्या.

रामकृष्णहरि.