दाराबाहेर उभा असलेला प्रभू



प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात ख्रिस्तमंडळांना पाठवलेली सात पत्रे आहेत. त्यांतले शेवटचे पत्र लावदिकिया येथील ख्रिस्तमंडळाला आहे (प्रकटी. 3:14-22). ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. या मंडळावर मूर्तिपूजेचा, खोट्या शिकवणीचा किंवा अनीतीचा आरोप नाही. त्यांचा दोष एवढाच, की ते थंडही नाहीत आणि गरमही नाहीत, ते कोमट आहेत. आणि तरीही, आपल्याला काही कमी नाही, असे त्यांना वाटते.

असे त्यांना का वाटले असेल? लावदिकिया हे आजच्या तुर्कस्तानातील एक श्रीमंत शहर होते. तेथे पैशांच्या पेढ्या होत्या, तेथील काळी लोकर दूरवर प्रसिद्ध होती. इ. स. 60 मध्ये भूकंपाने शहर कोसळले, तेव्हा रोमच्या मदतीशिवाय लोकांनी ते पुन्हा उभारले, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. ‘आम्ही आमचे समर्थ आहोत’ ही त्या गावाची वृत्तीच होती. ती वृत्ती हळूहळू प्रार्थनेतही शिरली. हे मंडळ काही नवखे नव्हते. एपफ्रासने त्यांच्यासाठी कष्ट उपसले होते. कलस्सैकरांना लिहिलेले पत्र तेथेही वाचले जावे, असे संत पौलाने सांगितले होते (कलस्सै. 4:13-16). ज्यांना चांगली शिकवण मिळाली होती, तेच कोमट झाले.

बंधू-भगिनींनो, येथे आपण सावध व्हायला हवे. चोरी, दारू, व्यभिचार ही पापे दिसतात, त्यांची लाजही वाटते. गर्वाचे तसे नाही. तो आपल्या सत्कृत्यांतही दबा धरून बसतो, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी आपल्या मठवासीयांना दिला होता. आपण रोज रोझरी म्हणतो, रविवारची मिस्सा चुकवत नाही, सणाला सढळ हाताने वर्गणी देतो. हे सारे चांगलेच आहे. पण याच चांगुलपणाचा आपण मनात हिशेब मांडू लागलो, की देवाकडे मागायचे काही उरत नाही. आपल्या वसईला साडेचारशे वर्षांहून अधिक काळाची ख्रिस्ती परंपरा आहे. तिचा अभिमान जरूर असावा. पण वाडवडिलांची श्रद्धा वारशाने मिळालेल्या वाडीसारखी नसते. ती नुसती नावावर चढवून चालत नाही, ती रोज शिंपावी लागते. बावखलाचा उपसा थांबला की पाण्यावर शेवाळ धरते. बावखल भरलेले दिसते, पण पाणी ओंजळीत घ्यावेसे वाटत नाही.

आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. रोज वेदीपाशी उभे राहून, रोज शुभवर्तमान हाती धरूनही आमचे मन कोमट होऊ शकते. प्रवचन तयार करताना ‘हे लोकांना सांगायला हवे’ असे पटकन वाटते, ‘हे आधी आपण ऐकायला हवे’ असे क्वचित वाटते. आणि बाकावर बसलेल्यांच्या मनातही कधी कधी येते, ‘आज आमच्या शेजाऱ्याने हे ऐकायला हवे होते!’ ज्या क्षणी प्रभूचा शब्द दुसऱ्यासाठी आहे असे वाटते, त्या क्षणी आपण लावदिकियात पोहोचलेलो असतो.

त्या पत्राच्या शेवटी प्रभू येशू दाराशी उभा राहून दार ठोठावत आहे. हे चित्र आपण अनेक घरांत भिंतीवर पाहतो. पण ते दार कोणाचे? ते परक्यांचे नाही, त्याच्याच मंडळाचे आहे. आत प्रार्थना चालू आहे आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चालू आहे, तो बाहेर उभा आहे! तरीही तो रागावून निघून गेलेला नाही. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्यालाच आपण शिकवतो, असे तो सांगतो, आणि दार उघडणाऱ्याबरोबर जेवायला बसण्याचे वचन देतो. जक्कयाच्या घरीही तो असाच गेला होता. जक्कयाकडे पैसा होता, पण ‘मला काही कमी नाही’ असे त्याने म्हटले नाही. तो झाडावर चढला.

संत फिलिप नेरी (1515-1595) यांच्याविषयी सांगतात, की ते रोज सकाळी प्रभूला विनवीत, ‘आज फिलिपवर नजर ठेव, नाहीतर तो तुझा विश्वासघात करील.’ एवढा मोठा संत, पण स्वतःची खात्री देत नव्हता. नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे. अविलाच्या संत तेरेजा यांच्या शिकवणीनुसार नम्रता म्हणजे सत्यात चालणे. आपण कोण आहोत आणि आपल्याजवळ जे आहे ते कोणी दिले, हे न विसरणे.

म्हणून या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे विवेकपरीक्षा करू या, त्यात दुसऱ्याचे एकही नाव न घेता. ज्यांनी बरेच दिवस प्रायश्चित्त संस्कार घेतला नाही, त्यांनी तो घ्यावा. आम्ही धर्मगुरूही आमच्या पापनिवेदनासाठी जाऊ. आणि घरातल्या ज्या माणसाने आपली चूक दाखवली, त्याला उलट उत्तर न देता एकदा ‘तुझे खरे आहे’ असे म्हणू या. कदाचित त्याच आवाजात प्रभू आपले दार ठोठावत असेल.

दार आतूनच उघडायचे आहे. प्रभू आपणा सर्वांना ते उघडण्याचे धैर्य देवो.

आपले धर्मगुरू