थांबणं हीही उपासनाच

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यातला नववा अजगर. आपण त्याला आळशी समजतो. अवधूताने मात्र त्याच्याकडून अंगात बळ असूनही धडपड न करता स्वस्थ राहणं घेतलं. हा धडा प्रपंचात कुठे लागतो?

आमच्या शिरूर-दौंडकडे ओढे बहुतेक कोरडेच, म्हणून त्यांची भीती वाटत नाही. पण ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातलं वादळी पावसाचं क्षेत्र आंध्र, तेलंगण करत आपल्याकडे आलं, आणि १४ तारखेला दौंड तालुक्यात खानोट्याजवळ ओढ्याच्या पुरात दुचाकीवरची चार माणसं वाहून गेली. ओढा ओळखीचा असला तरी पाणी ओळखीचं नसतं.

त्यानंतरच्या एका आश्विनात मी आणि सौ. शिरूरहून दौंडला निघालो होतो, रात्रीच्या रेल्वेने गाणगापूरला जायला. अकरा पौर्णिमा झालेल्या, ही बारावी. न्हावऱ्याच्या पुढे वादळाने गाठलं. वायपर चालू असून काचेपलीकडचं दिसेना. पुढे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून धावत होतं. मी गाडी उंचावर बाजूला घेतली.

सौ. म्हणाली, "अहो, महाराज नेतील पार. बारावी चुकली तर?" मागचा टेम्पोवालाही म्हणाला, "काका, टायरभर तर पाणी हाय, घाला की!"

फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलू शकतं, दोन फूट तर बहुतेक गाड्या वाहून नेतं. शिवाय खाली रस्ता उरलाय की खचलाय, हे कोण सांगणार? मी म्हटलं, "महाराजांनी डोळे दिलेत ते हे पाणी बघायलाच." आम्ही नामस्मरण करत बसलो. टेम्पोवालाही थांबला. मध्यरात्रीनंतर पाणी उतरलं, तोवर रेल्वे गेलेली.

सौ. दोन दिवस धड जेवली नाही. नेम मोडला, हीच खंत. तेव्हा मी तिला नृसिंहवाडीची आठवण दिली. कृष्णा चढली की पाणी पादुकांवरून वाहतं, आपण दक्षिणद्वाराचं स्नान करतो. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. पूजा मोडत नाही, फक्त जागा बदलते. प्रत्यक्ष देव पुराला वाट देतो, मग आपण का अडून बसायचं? पुढच्या पौर्णिमेला तिनेच पिशवी भरली. ती बारावी धरायची की तेरावी, ते महाराजांच्या खातेवहीत!

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती. मुलं-नातवंडं गाडी घेऊन निघाली की आपण म्हणतो, "वेळेत ये, आरती चुकवू नको." त्याऐवजी म्हणा, "थांबावं लागलं तर थांब. आरती उद्याही आहे." एवढ्या एका वाक्याने त्यांचा पाय ब्रेकवर निर्धास्त पडेल. श्रद्धा म्हणजे पाण्यात गाडी घालणं नव्हे. आपण थांबलो तरी महाराज आपल्याला सोडून पुढे जात नाहीत, ही खात्री म्हणजे श्रद्धा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!