लेखनिकाची शिस्त आणि बखरकाराची भक्ती

मध्ययुगीन युरोपातील मठांत पोथ्या उतरवणारा, त्या राखणारा आणि गतकाळाचा वृत्तान्त लिहिणारा भिक्षू पुष्कळदा एकच असे. इंग्लंडमधील माम्सबरीच्या मठात १२व्या शतकात विल्यम हा ग्रंथपालही होता आणि इतिहासकारही. सातारा जिल्ह्यातील चाफळ व सज्जनगड येथील रामदासी मठांत मात्र ही कामे निरनिराळ्या हातांत आणि निरनिराळ्या काळांत गेली, आणि त्यामुळे या परंपरेच्या इतिहासाला दोन वेगळी वळणे लागली.

समर्थ रामदासांच्या दासबोध या ग्रंथाच्या २० दशकांत मिळून २०० समास, म्हणजे प्रकरणे, आहेत. त्यांतील १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात समर्थांनी बरू, म्हणजे लेखणीसाठी लागणारी बोरूची काडी, कशी निवडावी, मसी, म्हणजे शाई, आणि तांबडा हिंगूळ संग्रही कसे ठेवावेत इतका बारकावा सांगावा, यातच त्यांची दृष्टी दिसते. अक्षर सुटे आणि वाटोळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा, आणि पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकुराला धक्का लागणार नाही, असे ते सांगतात. तरुण डोळ्यांच्या भरवशावर बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, ही सूचना तर विशेष हृद्य आहे: लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीपलीकडे, पुढे वाचणाऱ्याच्या थकलेल्या नजरेचाही विचार करावा. शेवटी बासने, म्हणजे पोथी गुंडाळण्याची वस्त्रे, मेणकापडे, पेट्या आणि कुलपे येतात, आणि लेखनाचा समास ग्रंथरक्षणाचा होतो.

ही शिस्त समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी आचरली. त्यांच्या हातची आणि समर्थांनी स्वतः तपासलेली मानली जाणारी दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली.

याउलट समर्थांची बखर, म्हणजे गद्य चरित्रवृत्तान्त, हनुमंतस्वामींनी लिहिली ती समर्थांच्या निर्वाणाला (शके १६०३) शतकाहून अधिक काळ लोटल्यावर. तिच्यात मठातील आठवणी आहेत तसे चमत्कारही आहेत, आणि ऐकीव गोष्ट कोठे संपते व पाहिलेली कोठे सुरू होते हे तिच्या वाक्यांवरून ठरवता येत नाही. बखरकाराच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उलट त्या निष्ठेनेच त्याला भर घालण्याची मुभा दिली, तर लेखनिकाच्या निष्ठेने त्याच मुभेला मनाई केली. भक्ती दोघांचीही खरी होती, पण अभ्यासकाने आधी हात लावावा तो उतरवलेल्या पोथीला, हा क्रम सोडता कामा नये.

धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी हाच क्रम पाळला. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे त्यांनी मठामठांतील बाडे, म्हणजे हस्तलिखितांच्या वह्या, गोळा केली आणि डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापला. कल्याणस्वामींनी कागदावर उतरवलेला पाठ अशा रीतीने कुलूपबंद पेटीतून निघून वाचकांच्या हाती आला.